मोजणीवाल्याला पलीकडे नेताना

मधोमध बसा, मोजणीवाले.
साखळी पायाशी ठेवा, झेंडे आडवे.
डोंगा जुना आहे, पण माणूस ओळखतो;
उभं राहिलेलं त्याला खपत नाही.

गाव केव्हाचं, विचारलंत.
गाव कसलं, भाऊ. आधी नुसता उतार होता.
लमाणांचे बैल मिठाच्या गोण्या घेऊन इथं थबकायचे,
तापीचं पाणी गुडघ्याला असलं तर जायचे,
छातीला असलं तर चूल मांडायचे.
त्या चुलींचं झालं उतारखेडं.

मी नांदायला आले तेव्हा सात छपरं.
पळसाचं रान उंबऱ्यापर्यंत.
रात्री वाघ कुत्रं उचलायचा,
सकाळी आम्ही मोजायचो कोणाचं गेलं,
तुमच्यासारखंच, पण साखळीशिवाय.

मग कंपनीच्या साहेबानं कौल दिला:
रान तोडेल त्याला पाच वर्षं सारा माफ.
लखा गुजर आला. चार गाड्या, नऊ पोरं,
आणि एक पितळी घंगाळ.
घंगाळ बघायला सातही छपरं रिकामी झाली.
जोरावरमल आला उंटावर दुकान लादून;
पहिल्या वर्षी त्याच्याकडे गूळ आणि खिळे,
दुसऱ्या वर्षी गूळ, खिळे आणि वही.
सालेम अरब आला, त्याची फौज मोडलेली, पगार बुडालेला.
कमरेला जंबिया,
हातात सुई. बैलांच्या झुली शिवायचा,
टाका असा की लमाण भांडायचे त्याच्यासाठी.

आणि दित्या, सातपुड्यातून उतरलेला भिल्ल.
आदल्या साली त्यानंच घाटात तांडा लुटला होता.
साहेबानं त्यालाच जागल्या केला.
त्या रात्रीपासून गावातली कोंबडी हलली नाही.
वाघ तेवढा येत राहिला,
त्याला कोणी पगार लावला नव्हता.

रायकी पावरीचं सांगते.
दर शनिवारी चारोळी आणायची,
एक माप चारोळी, एक माप मीठ.
एकदा जोरावरमलनं माप बदललं. बोटभर.
ती काही बोलली नाही.
टोपली घेऊन घाटावर आली
आणि सगळी चारोळी पाण्यात ओतली, सावकाश, त्याच्यादेखत.
पुढच्या शनिवारी फळीवर जुनं माप होतं.

जरा डावीकडे सरका. इथं भोवरा आहे.

वल्हं माझ्या नवऱ्याचं, सुपडूचं.
मगरीनं नेलं म्हणतात. मी पाहिलं नाही.
वल्हं तेवढं सापडलं, दोन कोस खाली, लव्हाळ्यात.
भोयांची पंचायत बसली:
बाईनं वल्ह्याला हात लावला तर नदी कोपेल.
पलीकडे लमाण ओरडत होते,
तीनशे बैल, उघड्यावर मीठ, वर आभाळ भरलेलं.
कोणीतरी जायलाच हवं होतं.
मी गेले.
पंचायत काठावरच बसून राहिली.
नदी कोपली नाही. तिचा बाप सूर्य आहे,
एवढ्या तेवढ्याला ती रागवत नाही.

सकाळपासून बघतेय,
तुम्ही बांबू बुडवता, रेती लागते, लिहिता.
पुन्हा बुडवता. पुन्हा रेती.
पुलाला खडक लागतो म्हणे.

खडक मला ठाऊक आहे.
लग्नाच्या वर्षी पाणी आटलं होतं,
तेव्हा सुपडूनं दाखवला:
काळा, बसलेल्या म्हशीच्या पाठीसारखा,
या काठापासून त्या काठापर्यंत.
आम्ही त्याच्यावर बसून कळण्याची भाकर खाल्ली, मिरचीसोबत.
गावात आणखी कोणाला माहीत नाही.

पूल झाला की आगीची गाडी येईल.
मग ‘डोंगा आण गं’ कोण ओरडणार?
माझा उखर्डू काल विचारत होता,
आगीच्या गाडीला वल्हं कुठं असतं.
त्याला बघायचीय.
रात्रभर झोपला नाही पोरगा. मीही नाही.

थांबा.
आता बुडवा बांबू.

ऐकलंत?

लिहा मग. हात का थरथरतोय तुमचा, थरथरायचा तो माझा.
आणि उतरताना पैसे द्या:
माणसाचा एक पैसा, बैलाचा अर्धा.
साखळीचा किती, ते अजून ठरलेलं नाही.